न तपासलेलं कार्ड

मास्तरांनी आयुष्यात एकाही पोराला शिकवलं नव्हतं. सॉफ्टवेअर कंपनीत स्क्रम मास्टर म्हणून नेमणूक झाली आणि टीमने दुसऱ्याच दिवशी त्यांचं 'मास्तर' करून टाकलं, एवढंच. माणूस तसा गरीब. रोज सकाळी एकेका कामाचं कार्ड चिकटवलेल्या फळ्यासमोर सात जणांना उभं करायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय ते विचारायचं आणि पंधराव्या मिनिटाला सगळ्यांना कामाला पिटाळायचं. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये ठरलेलं सगळं पुरं व्हायलाच हवं, याचं मात्र भारी वेड. सलग अकरा स्प्रिंट एकही कार्ड मागे राहिलं नव्हतं.

बाराव्यात राहिलं. दवाखान्याच्या अ‍ॅपमधून रुग्णांना भेटीची वेळ कळवायची, ते काम. काम तपासणाऱ्या टेस्टर ताई शेवटच्या शुक्रवारी दुपारी दाढ काढायला गेलेल्या, त्यामुळे कार्ड 'तपासणी'च्या रकान्यातच अडकलं. पाच वाजता साहेब फळा बघायला येणार. मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि कार्ड उचलून 'झालं'मध्ये चिकटवलं. ताई सोमवारी तपासतीलच की! पण 'झालं'मधलं कार्ड ताई कशाला बघायला जातील?

मंगळवारी अ‍ॅपने भलतीच वेळ कळवल्यामुळे चाळीस म्हातारी माणसं दवाखान्याच्या बंद दारासमोर ताटकळली. साहेबांनी ताईंना बोलावलं.

"तपासल्याचं आठवत नाही हो," बावन्न वर्षांच्या ताई कपाळ चोळत म्हणाल्या, "पण कार्ड तर मीच हलवते. म्हणजे दाढेच्या घाईत माझ्याच हातून झालं असणार."

मास्तर शेजारीच उभे होते. तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

ताईंना टेस्टिंगवरून काढून माहितीपत्रकं लिहायला बसवलं. त्या प्रत्येक गोष्ट वहीत टिपून ठेवू लागल्या, अगदी जेवल्याचीसुद्धा. ते बघून मास्तर डबा न उघडताच घरी परत नेऊ लागले. आज सांगू, उद्या सांगू करत दहा दिवस घालवले त्या भल्या माणसाने.

मग स्प्रिंट संपल्यावर रेट्रोची बैठक झाली. काय चुकलं ते बोलायचं, पण कुणाचं नाव घ्यायचं नाही, हा नियम मास्तरांनीच केलेला. आता त्याच नियमाआड आपण लपतोय, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई म्हणाल्या, "मला परत टेस्टिंग देऊ नका. माझा मलाच भरवसा राहिला नाही."

"ताई, ते कार्ड मी हलवलं होतं," मास्तर एका दमात बोलून गेले. "तुम्ही काहीच विसरला नव्हतात."

साहेब घाईघाईने म्हणाले, ताई सोमवारपासून आपल्या कामावर. मास्तर शिव्या खायच्या तयारीने खाली मान घालून उभे राहिले.

ताईंनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"अरे मास्तर, घरातून निघताना तीन-तीनदा मागे फिरते मी, गॅस बंद केला का बघायला. लेकीला मीच सांगितलं, माझं डोकं चालेनासं झालंय. परवापासून ती बाळाला माझ्याजवळ ठेवत नाही."