भोपळ्याच्या बिअरचे परीक्षक

"भोपळा कुठाय यात?"

ग्लास उजेडाकडे धरायचा, नाक आत घालायचं, एक घोट घेऊन डोळे मिटायचे. मग समोरच्याकडे, जणू त्यानेच ती बिअर बनवलीय अशा नजरेने बघत काका हा प्रश्न विचारायचे. उत्तरही तेच द्यायचे. "नुसतं दालचिनीचं पाणी!"

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आमच्या शेजारी ते राहायचे. एका ऑटो कंपनीत ब्रेक डिझाइन करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पानं लाल व्हायला लागली की दुकानांतून भोपळ्याच्या बिअरच्या बाटल्या दिसू लागतात. काका त्या महिनाभर गोळा करायचे आणि हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी, भर दुपारी, गॅरेजचं दार वर करून ओळखीच्या सगळ्या मराठी मंडळींना बोलवायचे. बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळलेल्या असायच्या. चाखायची, मत द्यायचं, आणि शेवटी काका मार्क देणार. शून्याला ते शून्य म्हणत नसत, शाळेतल्या मास्तरांसारखे 'भोपळा' म्हणत. भोपळ्याच्या बिअरला भोपळा, हा विनोद दर वर्षी व्हायचा आणि आम्ही दर वर्षी हसायचो.

मार्क फक्त बिअरला मिळत नसत, हे मात्र नव्या पाहुण्यांना उशिरा कळायचं. एकाची नोकरी नुकतीच गेली होती. बिचारा चुकीच्या बिअरला चांगली म्हणाला. काका म्हणाले, "जॉब गेला ते ठीक आहे रे, जिभेलाही ले-ऑफ दिला का?" तो हसला, आणि नंतर बराच वेळ ड्राइव्हवेवर फोन कानाला लावून उभा राहिला. फोन लागलेला नव्हता.

काकू भोपळ्याचे घारगे करायच्या. ताट बाहेर आलं की काका म्हणायचे, "घ्या, घ्या. आमच्या हिला टायर कंपनी उद्या बोलवेल." सगळ्यांत आधी काकू हसायच्या. आपणच आधी हसलं की कमी लागतं, हे मला पुढे कळलं.

तुमच्याही माहितीत असा एखादा माणूस असेल. मग तुम्हाला हेही ठाऊक असेल की तो नुसता तसा नसतो. माझा नवरा गावात नव्हता आणि बर्फात माझी गाडी सुरू होईना, तेव्हा पायजम्यावर जॅकेट चढवून हेच काका बॅटरीला जोडायची केबल घेऊन आले होते. बोटं निळी पडेपर्यंत खटपट करत होते आणि तोंडाने चालूच होतं. "नागपूरच्या लोकांना गाडी देऊच नये. संत्र्याची पेटी द्यावी."

त्यांची मुलगी सई इथेच जन्मलेली. फार्मसीचं शिक्षण अर्धवट सोडून ती ग्रँड रॅपिड्सला एका छोट्या ब्रुअरीत, म्हणजे बिअर बनवण्याच्या कारखान्यात, लागली. काका लोकांना सांगायचे, "ती केमिकल प्रोसेसमध्ये आहे." खोटं नव्हतं, म्हणजे तसं.

एका वर्षी सई पार्टीला आली. काकूंनी तिच्या हातून एक बाटली घेतली, फॉइल गुंडाळली आणि बाकीच्या बाटल्यांत ठेवली.

काकांनी घोट घेतला. डोळे मिटले. खूप वेळ उघडले नाहीत.

"आहे," ते म्हणाले. "भोपळा आहे. भाजून घातलाय. मसाला मागे, भोपळा पुढे. कोणाची आहे ही?"

"माझी, बाबा," सई म्हणाली. "आय मेड इट."

आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी ग्लास टेबलावर ठेवला, रुमालाने ओठ पुसले.

"भोपळा," ते म्हणाले. "पुढची आणा."

"यू जस्ट सेड इट वॉज गुड!"

"बिअर उत्तम आहे. मार्क तुला दिलेत."

या वेळी काकूसुद्धा हसल्या नाहीत. सई कोट न घेताच निघाली. काकू घारग्यांचा डबा घेऊन मागे धावल्या, तोवर गाडी कोपऱ्यावर वळली होती. काकांनी पुढच्या बाटलीचं फॉइल सोडलं आणि ग्लास भरले. कोणी प्यायलं नाही.

पुढच्या वर्षी सईची ती बिअर ब्रुअरीने बाजारात आणली, नेमक्या त्याच शनिवारी. आमची सगळी मंडळी तिकडे ड्राइव्ह करून गेली. जाण्याचं मला नवल वाटलं नाही. पण ग्लास उंचावलेले फोटो ही मंडळी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत होती, आणि त्या ग्रुपवर काकाही होते.

मी उशिरा निघाले, तेव्हा काकांच्या गॅरेजचं दार वरच होतं. काका टेबलामागे खुर्चीत बसले होते, बाटल्या फॉइलमध्ये.

"तू नाही गेलीस?"

"निघतेच आहे, काका."

त्यांनी मान हलवली. "तिला सांग..."

"काय सांगू?"

"काही नाही. गाडी सावकाश चालव. या दिवसांत रस्त्यावर हरणं येतात."

ब्रुअरीत खूप गर्दी होती. सई रबरी बूट घालून काउंटरमागे उभी होती. मी म्हटलं, "बाबा गॅरेजमध्ये एकटेच बसलेत गं."

"गुड," ती म्हणाली, आणि माझ्या मागच्या माणसाला विचारलं, "व्हॉट कॅन आय गेट यू?"

हिवाळ्यात काकांना स्ट्रोक आला. बोलणं पूर्ण गेलं. गिळताही येईना. पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने भरवावं लागे. त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवलं. सई दर रविवारी येते, असं काकू सांगायच्या. सांगताना त्यांना किती बरं वाटायचं!

एका रविवारी मीही गेले. सईने नर्सला विचारून थोडीशी बिअर आणली होती. काडीला लावलेला स्पंज तिने त्यात बुडवला आणि काकांच्या ओठांना लावला.

काकांचे डोळे मिटले. ओठ हलले. मग डोळे उघडले आणि त्यांनी तोंडही उघडलं, अजून हवी म्हणून.

"से इट, बाबा," सई म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "चांगली आहे म्हण. सई, तू चांगली केलीस म्हण."

त्यांच्या घशातून काहीतरी आवाज आला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. शब्द झाला नाही.

"त्यांना येत नाही गं," मी म्हटलं.

"आय नो," ती म्हणाली.

तिने बाटलीला बूच लावलं, स्पंज कचऱ्यात टाकला आणि पर्स उचलून पार्किंगकडे गेली. काकू पलंगाची चादर सरळ करत राहिल्या. काका तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, तोंड तसंच उघडं ठेवून.