मेरीच्या रायफलीचा खोडलेला नंबर

रीडिंगहून निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत रायफल होती आणि माझ्या मांडीवर धपाट्यांचा डबा. गाडी माझ्या लेकीची, सुनीताची. रायफल शेजारच्या फ्रँकची. थ्री-नॉट-थ्री. पोलीस खात्यात उभ्या उमेदीत मी हीच खांद्यावर वागवली, म्हणून फ्रँक मला जाणकार समजून जुन्या हत्यारांच्या प्रदर्शनाला बरोबर घेऊन निघालेला. शिक्षण माझं सातवी. जाणकार कसला डोंबलाचा!

आमची मंडळी, हिरा, श्रावणात गेली. घरात भांडं पडलं की मी अजून "काय गं पडलं?" म्हणायचो. ते ऐकून सुनीतानं मला इकडं आणलं. फ्रँकची मेरीही गेल्या हिवाळ्यात गेली. आजारी असताना ती एकटी जाऊन, दुकानदाराला दहा प्रश्न विचारून ही रायफल घेऊन आली होती, कारण नवऱ्याला जुन्या लष्करी बंदुका जमवायचा नाद. (इथं नळी बुजवून बंदूक कायमची मुकी करतात, सरकारी कागद देतात, मग ती भिंतीला लावता येते.) ही हिंदुस्थानात वापरलेली, असं तिला सांगितलेलं. पुढं फ्रँकच्या क्लबातला कुणी म्हणाला, "बनावट आहे. लाकडावरचा नंबर खोडलाय, वर लाल रंग फासलाय." तेव्हापासून ती भिंतीवरून उतरून पलंगाखाली.

"मेरीनं शेवटचं काही केलं ते हे," फ्रँक गाडीत म्हणाला. "त्यात ती फसली असेल तर मला सोसणार नाही." सुनीतानं मला मराठीत सांगितलं.

त्यानं मला घरी कापड अर्धंच, बोल्टापर्यंत (काडतूस आत सारायचा मुठीचा दांडा) सोडून दाखवलं होतं. तरी मी छातीठोक बोललो, "त्याला सांग, बोल्ट अस्सल आहे. मुठीवरचा नंबर बॉडीच्या नंबराशी जुळतो."

"अप्पा, इतकं शुअर बोलू नका हं. तिथं एक्स्पर्ट बसणार आहे."

"अगं, बंदूक उशाला घेऊन झोपलाय तुझा बाप."

"म्हणूनच आई म्हणायची, ह्यांच्या घोरण्यानं बंदुकीला गंज चढेल!"

तिनं ते फ्रँकला इंग्रजीत सांगितलं. तो इतका हसला की धपाट्याचा घास घशात अडकला. तिखटानं वाहणारं नाक पुसत त्यानं दुसरं मागितलं.

केंब्रिज मागं पडलं आणि फेन्स लागले (पूर्वी दलदल होती, आता काळीभोर सपाट शेतं). एकही टेकडी नाही. शेताच्या कडेला मातकट कंदांचे ढीग. सुनीता म्हणाली, बीट आहे, ह्याची साखर होते. मी साताऱ्याकडचा, उसात वाढलेला. जमिनीखाली साखर पिकते हे बघून गंमत वाटली.

प्रदर्शन एका मोठ्या शेडमध्ये होतं. पार्किंगमध्ये फ्रँकनं रायफल माझ्या हातात दिली. किती वर्षांनी ते वजन हातात आलं! कापड कधी गळालं कळलं नाही, टाचा आपोआप जुळल्या आणि रायफल खांद्यावर गेली. पिवळ्या जॅकेटातला रखवालदार धावत आला, "सर, सर, प्लीज कव्हर इट!" सुनीता लाल झाली. "अप्पा, इथं असं करतात का?" मी कापड उचलून ती परत गुंडाळली.

आत टेबलांवर दस्ते, पट्टे, संगिनी. कोपऱ्यात हेलन नावाची पांढऱ्या केसांची बाई, डोळ्याला भिंग. तिनं दिवा तिरका धरला आणि बोल्टवरून बोट फिरवलं.

"हा खोटा," ती म्हणाली, सुनीता मला मराठीत सांगत गेली. "बघा, इथं किंचित खोलगट लागतंय. जुना नंबर कानशीनं घासून काढलाय आणि जुळावा म्हणून नवा ठोकलाय. आकड्यांच्या कडा अजून बोचतात."

मी बोट लावलं. बोचल्या. मी तोंडावर आपटलो आणि फ्रँक खुर्चीत खचला.

हेलननं रायफल उलटी करून दिवा लाकडावर धरला. "हे मात्र प्रामाणिक काम आहे. पलटणीतला कारागीर दुसऱ्या बंदुकीचा भाग बसवायचा तेव्हा जुना नंबर घासत नसे. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा ठोकायचा. लपवायचं काय त्यात? पण हा लाल रंग कुणी भरला? तो मला खटकतो."

मी वाकून बघितलं. "सुनीता, तिला विचार, लालच्या खाली पिवळं दिसतंय का."

हेलननं भिंग लावलं. "हो. तळाशी आहे थोडं."

"आधी हळद, मग कुंकू. दसऱ्याला पुजलीय ही. आम्हीसुद्धा बोट नंबरावरच टेकवायचो. बंदुकीला दुसरं कपाळ कुठलं?"

दर दसऱ्याला हिरा मला पिंजरीची पुडी बांधून द्यायची. म्हणायची, तुमच्या सरकारी कुंकवाला वास मारतो.

सुनीतानं सगळं सांगितलं. हेलननं भिंग फ्रँकच्या हातात दिलं. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मेरी बोल्टपुरती फसली. बंदुकीत नाही."

"बोल्टपुरतं मीही फसलो," मी म्हणालो.

त्यावर हेलननं आम्हा तिघांना बेकन रोल (पावात खारवलेलं डुकराचं मांस) खाऊ घातले. खारट होतं, पण त्या गारठ्यात बरं लागलं.

अंधार पडायच्या आत रीडिंगला परतलो. दुसऱ्या दिवशी दसरा होता. आमच्याकडं वर्षभर सण नाही. पण पुजायची बंदूक फ्रँकची, घर फ्रँकचं. शास्त्र काय म्हणतं ते शास्त्राला ठाऊक. मी बॅगेच्या तळाशी कपड्यांत गुंडाळलेला हिराचा करंडा काढला. आणल्यापासून उघडला नव्हता. सुनीतानं बघितलं आणि आतून हळद आणून दिली.

येताना गाडीत सारखी कारागिराची ती रेघच डोक्यात होती. माणूस गेलं की लोक म्हणतात, विसरा आता. विसरायचं म्हणजे कानशीनं घासायचं. ते मला जमणार नाही. रेघ मारून शेजारी नवं ठोकणं मात्र जमेल असं वाटतं.

सकाळी फ्रँकच्या बैठकीत मी त्या खोडलेल्या नंबरावर हळद टेकवली, वर हिराची पिंजर. फ्रँकनं विचारलं, आता काय करायचं?

तेवढं इंग्रजी मला येतं. मी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणालो, "मेरी. देअर."