दाखलपात्र यादीत राहिलेलं घर

पहिलीच्या वयाची मुलं शोधायला आम्ही शिक्षक दर उन्हाळ्यात गावात घरोघर फिरतो. सापडलेल्या मुलांच्या यादीला दाखलपात्र यादी म्हणतात. चौलजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक दोनच, मुख्याध्यापक आणि मी, त्यामुळे फिरायचं काम माझ्याकडे. त्या वर्षी पाच मुलं सापडली. सहावं माझ्याच घरात होतं, माझी मुलगी. तिचं नाव मी लिहिलं नव्हतं.

विसरले नव्हते. अलिबागच्या इंग्रजी शाळेत तिचा प्रवेश जवळजवळ झाला होता. मुलाखतीत तिला केळ्याचा रंग विचारला, तर तिनं उलट विचारलं, “कच्चं की पिकलेलं?” त्यांना ती आवडली. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. नवरा मांडव्याच्या जेट्टीवर तिकीट खिडकीत बसतो. तो म्हणायचा, “इंग्रजी येणारा खिडकीच्या आत बसतो, न येणारा बोटीचे दोर ओढतो. मी रोज बघतो.” हे ऐकलं की मी चिडायचे.

शुक्रवारी सुपारीच्या वाडीतल्या एका घरी गेले. जुळ्या मुलींची आई पडवीत सुपारी सोलत होती. यादीतल्या पाचांपैकी दोन तिच्या. गावात इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन यायला लागल्यापासून तिचंही मन डळमळत होतं. मी नेहमीचं भाषण सुरू केलं. मोफत पुस्तकं, गणवेश, दुपारचा आहार, आपल्या भाषेतून शिक्षण. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले, यादी मागितली आणि बोट ठेवत ठेवत वाचली. ती आमच्याच शाळेत शिकलेली.

“बाई, तुमचं घर ऱ्हायलं.”

“आमचं अजून ठरलं नाही,” मी म्हटलं.

“मंग आमचंबी न्हाय ठरलं. तुमचं ठरलं का सांगा, मी तसंच करीन.”

मला तिचा भयंकर राग आला. टोमणा असता तर परतवला असता, पण ती मनापासून विचारत होती. घरी येईपर्यंत रागाच्या जागी भीती आली होती. भीती माझ्या शिकवण्याची नव्हतीच. शिकवते तेव्हा मी चांगलं शिकवते. पण शिकवते किती दिवस? सर्वेक्षण, मतदार याद्या, प्रशिक्षणं, ऑनलाइन माहिती. मी नसते तेव्हा मुख्याध्यापक चारही वर्ग एका खोलीत बसवतात. तिथं दुसऱ्यांची मुलं बसत होती तोवर मला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते.

शनिवारी सकाळी मी यादीत सहावं नाव लिहिलं. नवऱ्यानं ते पाहिलं.

“पोरीवर प्रयोग करू नकोस,” तो म्हणाला.

“रोज तेच करते,” मी म्हटलं, “फक्त दुसऱ्यांच्या पोरींवर.”

त्याचं चुकलं असंही मला वाटत नव्हतं. वाडीतल्या बाईनं मात्र सहावं नाव वाचलं आणि आत जाऊन दोघी मुलींचे जन्माचे दाखले आणून दिले.

जूनमध्ये शाळा भरली. माझी मुलगी त्या जुळ्यांच्या मध्ये बसायला लागली. शाळेत मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हे मी तिला बजावलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात तालुक्याहून फोन आला, चार दिवसांचं प्रशिक्षण, ताबडतोब निघा. मी पर्स उचलली. मुख्याध्यापक तिसरी-चौथीची मुलं घेऊन आमच्या खोलीत आले, तशी पहिलीची मुलं दाटीवाटीनं भिंतीकडे सरकली.

“बाई, उद्या येणार ना?” माझ्या मुलीनं विचारलं.

इतकी वर्षं हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतच आलं होतं. मी हसून ‘हो’ म्हणायचे आणि निघायचे. त्या दिवशी मला ‘हो’ म्हणता आलं नाही.