तीन सरणं होईस्तोवर

आमचा धर्मपाल फोटोग्राफर भयंकर शिस्तीचा माणूस. अमरावतीतल्या त्याच्या स्टुडिओत फोटोला बसणाऱ्याची मान जराशी कलली, की तो नवरदेवालासुद्धा झापायचा. "हलू नोका ना बापा, पाळण्यात बसले का तुमी?" तीस वर्षं त्यानं गावाला असं सरळ बसवलं. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि यानं शटर ओढलं. मी शेजारी, संध्याकाळी चहाला त्याच्याकडेच असतो.

गेल्या वर्षी त्याच्या आईनं, माणिकबाईनं, त्याला एक काम सांगितलं. तिचं वय चौऱ्यांशी. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, देवरावांचा, फोटो आहे. देवराव चांदूर रेल्वेत लाकडी पेटीच्या मोठ्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचे, आणि हाही त्यातलाच. ओठांपाशी तेवढा पुसट झालेला. ओल धरली, असं धर्मपाल म्हणायचा.

"त्याच्या बाजूले माया फोटो लावजो," माणिकबाई म्हणाली. "पन त्याच कॅमेऱ्यातला. अन् आताच काढ, मी बसू शकते तवर."

पेटी शाबूत होती. घोडं अडलं लेन्सपाशी. पितळी नळकांडं, वरचं नाव घासून गेलेलं. पुण्याच्या एका जाणकारानं मोबाइलवर फोटो पाहून सांगितलं, प्रोजेक्टरची असेल, भंगारात द्या. धर्मपाल दोन दिवस धुमसत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं लेन्स बल्बखाली धरली आणि काचेत दिसणारे बल्ब मोजले. चार ठळक, दोन फिके.

"म्हंजे पुढं दोन काचा चिकटवलेल्या, मागंबी दोन," तो मला म्हणाला. "अन् मधात उजेड कमीजास्त करायची कडी. प्रोजेक्टरले कायले लागते थे?"

मला काही कळलं नाही, पण त्याचा चेहरा पाहून बरं वाटलं. कडीवर आकडे होते: चार, आठ, सोळा, बत्तीस.

फोटोचा कागद अकोल्यात एका बंद स्टुडिओच्या कपाटात सापडला. पाकिटात तीनच उरले होते. ओसरीत माणिकबाई पांढरं लुगडं नेसून ताठ बसली. धर्मपालनं कडी चारावर ठेवली, मोबाइलवर उजेड मोजला, लेन्सचं झाकण काढलं आणि दोन सेकंदांत लावलं. न्हाणीघरात लाल दिव्याखाली कागद धुतला. जवळजवळ कोरा. त्यानं औषधाला दोष दिला, नवं कालवलं. दुसराही कोरा. धर्मपाल न्हाणीतच पाटावर बसून राहिला. मला त्याची फार दया आली.

बाहेरून माणिकबाई म्हणाली, "काहून रे, झाकन इतक्या लवकर लावतं? तुया बाप तीन सरणं होईस्तोवर उघडं ठेवे. त्याचा हा फोटो म्याच काढला. तो बसला, म्या झाकन काढलं अन् सरणं म्हनली."

बाबा फोटो काढताना त्रिसरण, म्हणजे 'बुद्धं सरणं गच्छामि'च्या तीन ओळी, म्हणतात, हे धर्मपालनं लहानपणी ऐकलं होतं. ती श्रद्धाच, असं तो धरून चालला होता. आता त्यानं घड्याळ लावून म्हणून पाहिलं. आठ सेकंद. त्याच्या दोन सेकंदांच्या बरोबर चौपट. मग तो कडीकडे पाहून स्वतःलाच हसला. आकडे जुन्या पद्धतीचे होते. तिथला चार म्हणजे आजचा आठ, आणि आकडा दुप्पट झाला की उजेड चौपट कमी.

तिसऱ्या कागदाला त्यानं झाकण काढलं आणि मोठ्यानं, सावकाश तिन्ही सरणं म्हटली.

कागदावर काळ्याचा पांढरा असा उलटा फोटो आला, तो त्यानं मोबाइलवर सुलटा केला. लुगड्याचा काठ, कपाळावरच्या रेघा, डोळे, सगळं लख्ख. फक्त ओठ पुसट. संपला कागद, मी मनात म्हटलं, आता हा आईलाही झापणार.

"माय, तू संगं म्हनून राहिली होती," तो एवढंच बोलला.

"मंग?" माणिकबाई म्हणाली. "तुया बापाचेबी ओठ पाह्य ना."

आम्ही दोघांनी भिंतीकडे पाहिलं. ओल बिल काही नव्हती.