गोळीची चौकशी, चहाची चौकशी

माझी आत्या बाळापूरला एकटी राहायची आणि मानपानाच्या बाबतीत तिच्याइतकी पक्की बाई मी अजून पाहिली नाही. लग्नाची पत्रिका टपालाने आली, की ती तिच्या लेखी आलीच नाही. दारी येऊन, कुंकू लावून बोलवायला हवं. सख्ख्या नात्यातली काही लग्नं तिने अशी घरी रुसून बसूनच साजरी केली होती.

तिला साखर निघाली तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यातून रोज सकाळी तिच्या मोबाइलवर मेसेज येऊ लागला. 'आज गोळी घेतली का? घेतली असल्यास १ पाठवा.' आत्याला हे फार आवडलं. त्या वर्षांत आमच्याकडे सकाळच्या फोनची धास्तीच असायची. कुठल्या गावाहून कर्जापायी कोणी जीव दिल्याची बातमी येईल याचा नेम नव्हता. म्हणून ती फोन घ्यायचं टाळायची. हा मेसेज मात्र नुसती तब्येत विचारायचा. कोणी भली बाई आपली चौकशी करते, असं आत्याने ठरवून टाकलं. ती गोळी घ्यायची आणि इमानेइतबारे १ पाठवायची.

मग तिला वाटलं, समोरची विचारते तर आपणही विचारावं. रस्त्यात कोणी 'जेवण झालं का' म्हटलं, तर 'झालं, तुमचं?' म्हणायचं, ही आमच्याकडची रीतच. मी अमरावतीला शाळेत शिकवत होते, म्हणून हेही शिकवणं माझ्याकडे आलं. सुटीत बाळापूरला गेले, तेव्हा एकेक बटण सांगून मी तिच्याकडून 'तुमचा चहा झाला का' लिहून घेतलं. आठवडाभर तिने ते रोज पाठवलं. उत्तर नाही. आत्या रुसली. १ बंद झाला आणि त्यासोबत गोळीही. मला तिने यातलं काही सांगितलं नाही. रुसवा सांगायचा नसतो, तो ओळखायचा असतो.

चप्पल चावून पायाच्या अंगठ्याला झालेली जखम भरेना, तेव्हा मी तिला अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी साखर पाहिली, अंगठा पाहिला आणि मेसेजला उत्तर का देत नाही म्हणून विचारलं.

"तुमच्या त्या बाईले मी रोज चहाचं विचारलं," आत्या म्हणाली. "एक डाव तरी बोलाव का नाही मानसानं?"

बाई वगैरे कोणी नाही, मेसेज कॉम्प्युटर पाठवतो, असं डॉक्टरांनी समजावलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग त्याले माह्या गोळीची कायची पडली हाये?"

मला हसू आवरेना. मग डॉक्टर म्हणाले, साखर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. माझं हसू पळालं. मी घाबरले.

दवाखान्याशी तिचा समेट होणं काही शक्य नव्हतं. म्हणून शाळेला निघण्याआधी मीच मेसेज करू लागले. 'आत्या, गोळी घेतली का? माझा चहा झाला.' तिचं उत्तर यायचं, '१. चहासोबत काय खाल्लं'. मी पोहे लिहायचे. खाल्लेलं काहीच नसायचं. अंगठा हळूहळू बरा झाला आणि त्याचं सगळं श्रेय आत्याने शेजारणीने दिलेल्या मलमाला दिलं.

पुढे एका सकाळी मला सणकून ताप आला. मेसेज करायचंही त्राण नव्हतं. शाळेची वेळ टळून गेली आणि उशाजवळचा फोन वाजला. आत्याचं नाव दिसलं. ती कधी फोन करत नसे, म्हणून मी घाईने उचलला.

"काहून वं, आज मेसेज नाही तुहा?"

मी तापाचं सांगितलं आणि सवयीने विचारलं, गोळी घेतली का?

"गोळी कवाचीच घेतली. त्याच्यासाठी मी तुही वाट पाहात नाही आता," ती म्हणाली. "पन तुहा चहा झाला का नाही, हे मले कोन सांगीन?"

त्या भाड्याच्या खोलीत मी एकटीच राहत होते. माझा चहा राहिलाय, हे अख्ख्या अमरावतीत कोणाला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं. नाही झाला, एवढंच म्हणाले.

"मंग ऊठ, मांड चहा," ती म्हणाली. "आन झाला का १ पाठव."