बुटकी ढकलगाडी

तीस वर्षं शाळेत शिकवून मला एक खोड जडली. प्रश्न कोणालाही विचारलेला असो, समोरच्याने तोंड उघडायच्या आत उत्तर मीच देऊन मोकळी होते. मी निवृत्त झाले, खोड काही झाली नाही.

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या बागेत माळीकाका माती, शेणखत, पालापाचोळा सगळं घमेल्यातून डोक्यावर वाहायचे. साठी उलटलेले, काटक, उंचीने जेमतेम माझ्या खांद्याएवढे. त्यांच्यासाठी ढकलगाडी घ्यायची हे कमिटीत मीच लावून धरलं आणि स्वतःची पाठही थोपटून घेतली. कल्याणच्या बाजारात चांगल्या मिळतात म्हणून तिकडे गेले. काकांनाही नेलं, टेम्पोत चढवायला कोणीतरी हवं म्हणून.

दुकानाबाहेर दोन गाड्या होत्या. एक एकचाकी, उंच, हिरवीगार. दुसरी दोनचाकी, बुटकी, मळकट रंगाची. काकांनी बुटकीच्या दांड्यांवर हात ठेवले, जरा पुढे ढकलली, मागे घेतली.

"काका, दोन गोण्या टाकून बघा ना," दुकानदार म्हणाला. "गाडी उंचीला बसली पाहिजे."

"अहो, त्यांना काय कळतंय? मी बघते," मी म्हणाले.

काकांनी हात काढून घेतले, शर्टाला पुसले आणि बाजूला जाऊन उभे राहिले. मी हिरवी उचलून रस्त्याच्या कडेने दोन फेऱ्या मारल्या. आमच्या घरात सगळे ताडमाड, मीही. माझ्या हाताला ती अगदी मस्त बसली.

खंडेनवमीला कुदळ-खुरप्यांच्या पूजेत मी ती गाडी मधोमध ठेवायला लावली, तिला झेंडूची माळही घातली. काका परत डोक्यावर ओझी घेतील म्हणून घमेली मी आधीच भंगारात देऊन टाकली होती.

पुढे बागेतल्या नव्या फरशीवर दोन लांब ओरखडे दिसायला लागले. गाडीच्या मागच्या पायांचे. "काका, नीट उचला की जरा! फरशीची पार वाट लावलीत," मी सगळ्यांसमोर सुनावलं. ते "हो बाई" म्हणाले. ओरखडे थांबले. मला वाटलं, शिकवलं की येतं माणसाला.

दिवाळीनंतर काका यायचे बंद झाले. वॉचमन म्हणाला, "खांदा धरलाय त्यांचा. हात वर होत नाय."

"कशाने?"

"बाई, ती गाडी त्यांना उंच पडते ना. पाय घासू नयेत म्हणून भरलेली गाडी पार छातीपर्यंत उचलून न्यायचे. तुम्ही ओरडलेलात ना त्यांना."

"मग मला सांगायचं नाही का?"

वॉचमन गेट उघडायला वळला. त्याचं तरी काय चुकलं? सांगायला गेलेल्याला मी कधी बोलू दिलं होतं?

मला स्वतःची लाज वाटली. कल्याणला जाऊन बुटकी गाडी आणली. काकांच्या औषधपाण्याचंही पाहिलं, पण त्याने मन हलकं झालं नाही. भल्यासाठी म्हणून मी एका म्हाताऱ्या माणसाचा खांदा निकामी केला होता, आणि वर त्यालाच बोलही लावला होता.

दोन महिन्यांनी काका आले. हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. मी बुटकी गाडी त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली. म्हटलं, "काका, माझं चुकलं. ही चालवून बघा, आणि कशी वाटते ते तुम्ही सांगा."

एवढं बोलून मी गप्प राहिले. मला ते फार जड गेलं.

काकांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, रागही नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

"आधी तुम्ही बघा, बाई," ते म्हणाले. "मला काय कळतंय?"

आणि शर्टाला हात पुसून ते बाजूला उभे राहिले.