फुंकरकाकांनी हात दाखवला

त्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ पायलीचे पन्नास मिळतील, फुंकरकाका मात्र एकच. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल कुठंतरी, पण त्या नावानं हाक मारली तर ते स्वतःच मागं वळून बघतील की कोण आलं बुवा! काचेच्या नळीला ज्योत दाखवायची, ती मऊ झाली की दुसऱ्या टोकातून फुंकर मारून तिचा फुगा करायचा. मग फुग्याला मान, मानेला कोपर, कोपराला तोटी. संस्थेतली काचेची झाडून सगळी वाकडीतिकडी भांडी त्यांच्या तोंडातून निघालेली, म्हणून ते फुंकरकाका.

त्यांची खोली तळमजल्यावर, गॅसच्या टाक्यांच्या कोठीला खेटून. बारा महिने तिथं उन्हाळा. लांबलचक टेबल, त्यावर बर्नर, भिंतीला जाडीप्रमाणे लावून ठेवलेल्या काचेच्या नळ्या, आणि खिळ्याला टांगलेला जांभळट चष्मा. तो घातला की ज्योतीचा पिवळा झगमगाट डोळ्यांना लागत नाही, आतली काच तेवढी दिसते. काका तो चष्मा चहा पितानाही काढायला विसरत आणि मग चहा जांभळा दिसतो म्हणून कुरकुरत.

वरच्या मजल्यांवर पाच विभाग, आणि पाचही जणांचं गाडं काकांच्या दारात येऊन अडायचं. रसायनवाल्यांनी टाकाऊ प्लास्टिकमधून पुन्हा तेल काढलं, ते काकांच्या तीन तोंडांच्या चंबूत. जीवशास्त्रवाल्यांना कळलं की अर्धपोटी ठेवलेली अळी जास्त जगते. ती बिचारी काकांच्या नळीत अर्धपोटी राहिली. पर्यावरणवाल्यांनी कारखान्याचं रंगीत पाणी शेवाळाकडून निवळून घेतलं, ते शेवाळ काकांच्या उंच नळकांड्यात पोसलेलं. आणि काका? काका घरी जाऊन बायकोला सांगायचे, "आज आपण शेवाळाचा शोध लावला!"

एकदा एका शास्त्रज्ञानं चिडवलं, "काका, आम्ही डोकं फोडायचं आणि तुम्ही 'आपण' म्हणायचं, हे बरंय!"

काका म्हणाले, "चंबू फुटला की तो कुणाचा असतो? माझा. मग शोध लागला की तो तुमचा एकट्याचा कसा हो?"

संस्थेचं वार्तापत्र निघालं की काका ते घरी न्यायचे आणि फोटोवर बोट ठेवून दाखवायचे. "हा बघ माझा कोपर. काय वळण आहे!"

"अहो, पण माणसं कुठायत यात?" काकू विचारायची.

"माणसं मागं आहेत. तू कोपर बघ."

काकू कपडे शिवायची. नवऱ्याच्या काचेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण वळण कळायचं. "चांगला उतरलाय," ती म्हणायची, आणि काकांना तेवढं पुरायचं.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. गंमत म्हणजे – गंमत कसली डोंबलाची! – ज्योतीपुढं नळी धरली की तो हात अगदी शहाण्यासारखा वागायचा. काम थोडं सावकाश व्हायचं इतकंच. पण रिकामा मांडीवर ठेवला की त्याच्या अंगात यायचं. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहायचे, औषधाची गोळी वळत असल्यासारखे. काकांनी त्यावर उपाय काढला, तो म्हणजे हात रिकामा ठेवायचाच नाही. कायम काहीतरी धरायचं, नाहीतर खिशात. मागितली नसलेली भांडीसुद्धा ते बनवून ठेवू लागले. लोक म्हणाले, म्हातारपणी काकांना पालवी फुटली. या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि वर्षभर ते निभावलंही.

भीती दोन होत्या. एक साधी. थरथरता हात ज्योतीपाशी कोण ठेवील? उचलतील आणि कोठारात नेऊन बसवतील, बुचं मोजायला. दुसरी भीती घरातली, आणि ती मोठी. काकूच्या वडिलांना कंपवात होता. काकू तेव्हा शाळेत जात होती. बापाला पाणी पाजायचं, घास भरवायचा, सदऱ्याची बटणं लावायची, आणि मग दप्तर उचलून पळायचं, असं तिचं लहानपण गेलं. लग्नानंतर ती त्याबद्दल एकदाच बोलली. म्हणाली, "बाबा माझ्यापासून हात लपवायचे. मला त्याचाच राग यायचा." काकांनी यातून काय घ्यावं? तर, हिच्या नशिबी पुन्हा ते यायला नको! म्हणजे राग कशाचा यायचा ते बाजूलाच राहिलं. पुरुषमाणसं ऐकतात ती अशी.

अशात पट्टीवाली आली. इलेक्ट्रॉनिक्स विभागातली ही मुलगी. तिनं कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ पट्टी तयार केली होती. मनगटाला चिकटवली की हाताची बारीकशी थरथरही पडद्यावर रेघ होऊन उमटायची. वैद्यक विभागातल्या डॉक्टरबाईंना ती कंपवाताच्या रुग्णांसाठी हवी होती. औषध किती वेळ टिकतं, कधी उतरतं, हे रुग्ण घरी असतानाही कळलं असतं. पट्टीचा पापुद्रा घंटेच्या आकाराच्या ज्या काचेच्या भांड्याखाली धरायचा, ती घंटा अर्थातच काकांची. त्यामुळं पट्टीसुद्धा 'आपली'च.

"काका, रुग्णांना लावायच्या आधी एका स्थिर हातावर तपासायचीय," पट्टीवाली म्हणाली. "अख्ख्या संस्थेत तुमच्याइतका स्थिर हात कुणाचा?"

काकांनी हात खिशात घातला. "आज बर्नर तुंबलाय गं."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर.

"मनगट लचकलंय," काका म्हणाले आणि डावं मनगट पुढं केलं.

"पट्टी उजव्याला लावायचीय, काका."

"मग दोन्ही लचकलीत!"

पण मुलगी कसली ऐकते! गुळाला मुंगळा चिकटावा तशी ती दाराला चिकटली. काका घरी येऊन करवादले, "हल्लीच्या मुलांना नाही म्हटलेलं कळत नाही. म्हणे स्थिर हात!"

काकू मशीनवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "जा की मग. शोधाला नाही म्हणू नये, असं तुम्हीच म्हणता ना?"

"हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेऊ?" काका बोलून गेले, आणि जीभ चावली.

मशीन थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

"अवलक्षण हातात असतं, दाखवण्यात नसतं," काकू म्हणाली. "उद्या तो निळा शर्ट घाला. इस्त्री करून ठेवलाय."

झालं, काका गेले. आता बायको आणि विज्ञान दोघं एका बाजूला झाल्यावर माणूस जाणार नाही तर काय करणार! पट्टीवालीनं त्यांना खुर्चीत बसवलं, पट्टी मनगटाला चिकटवली आणि म्हणाली, "हात मांडीवर ठेवा, सैल सोडा. दुपारी डॉक्टर येतील, तोवर एक झकास सरळ रेघ काढून ठेवू."

काकांनी श्वास रोखून धरला. जन्मभर फुंकर मारलेला माणूस, श्वास भरपूर. पण श्वास रोखून हात थोडाच थांबतो! पडद्यावर रेघ उमटली ती करवतीच्या दात्यांसारखी. काकांनी चटकन डावा हात उजव्यावर ठेवला.

मुलीचं लक्ष हाताकडं नव्हतंच. ती पडद्याकडं बघत होती. "अरे देवा! पट्टी बिघडली."

"ओलावा धरला असेल," काका घाईघाईनं म्हणाले. बुडत्याला काडीचा आधार!

तिनं दुसरी पट्टी लावली. तेच दाते. तारा बदलल्या, खुर्ची बदलली, पंखा बंद केला. काकांच्या हाताबद्दल तिच्या मनात शंकेची पालही चुकचुकली नाही. ज्या हातानं नळीला केसाइतकी बारीक तोटी काढावी, त्या हातावर कोण संशय घेणार? हळूहळू तिचा चेहराच उतरला.

"इतक्या दिवसांचं काम पाण्यात गेलं, काका," ती म्हणाली. "तुमच्या हातावर ही पट्टी खोटं बोलतेय, मग रुग्णांच्या हातावर काय खरं बोलणार? डॉक्टरांना सांगते, बंद करा म्हणून." आणि तिनं पट्ट्यांचा डबाच्या डबा उचलून कचऱ्याच्या टोपलीवर धरला. डोळे भरून आले होते तिचे.

काकांना एकच करायचं होतं: गप्प बसायचं. पट्टी गेली असती, हात वाचला असता, टेबल राहिलं असतं, काकूला कळलं नसतं. कुणी कधी विचारलंही नसतं. पण डब्यात त्यांच्या घंटेखाली धरलेल्या पट्ट्या होत्या, त्या पट्ट्यांच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली माणसं कुठंतरी होती, आणि समोर ही मुलगी ओठ चावत उभी. शिवाय, त्यांना आठवले सासरे. त्यांच्या मनगटाला असलं काही असतं, तर औषध कधी द्यायचं हे शाळेतल्या पोरीला अंदाजानं ठरवावं लागलं नसतं.

"टाकू नकोस," काका म्हणाले. डावा हात त्यांनी बाजूला केला. "पट्टी खरं बोलतेय, बाळा. खोटं मी बोलतोय. वर्ष झालं."

मुलगी हाताकडं बघत राहिली. हात आपला मोकळेपणानं गोळी वळत होता.

"म्हणजे... पट्टी चालते?" ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनं तोंडावर हात घेतला. "सॉरी, काका! मला तसं नव्हतं..."

काकांना हसू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं हसले असतील. "चालते गं, चालते काय, पळते! आपण शोध लावला, पुस डोळे."

दुपारी डॉक्टरबाई आल्या. त्यांनी रागावणं, कीव करणं वगैरे काही केलं नाही, सरळ तपासायला घेतलं. चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, मग म्हणाल्या, "काका, शर्टाचं एक बटण काढून पुन्हा लावा बघू."

काकांनी छातीवरचं बटण ओढलं. टिच! दाबलं. टिच!

"हे नाही चालणार," डॉक्टर हसल्या. "हे टिचबटण आहे. साधं बटण लावा."

काकांनी खालचं धरलं. टिच. त्याच्या खालचं. टिच. बाहीचं. टिच. वरून प्रत्येक जागी साधं बटण शिवलेलं, जवळून बघितलं तरी कळू नये असं, आणि आत टिचबटण. काका खाली मान घालून आपल्याच शर्टाकडं बघत राहिले. निळा तसाच पांढरा, पांढरा तसाच चौकडीचा. घरातले सगळे शर्ट असेच होते, आणि ते का, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. विचारलं होतं त्यांनी मागं एकदा. काकू म्हणाली होती, फॅशन आहे हल्ली. आणि हा जांभळ्या चष्म्याचा शहाणा ते धरून चालला होता!

"काका, बरं वाटतंय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो हो," काका म्हणाले. बाहीचं बटण पुन्हा एकदा टिचकन दाबून म्हणाले, "आमची बायको फार पोचलेली आहे हो."

मग सगळे पडद्यासकट तळमजल्यावर गेले. पट्टी मनगटाला तशीच ठेवून काकांनी ज्योत पेटवली आणि नळी धरली. पडद्यावरचे दाते मावळले आणि रेघ सरळ झाली. पट्टीवालीनं आनंदानं उडीच मारली. एकाच हाताच्या दोन रेघा तिला मिळाल्या होत्या.

"औषध उद्यापासून घ्यायचं," डॉक्टर म्हणाल्या. "ज्योतीपाशी एकट्यानं बसायचं नाही. सोबत कुणीतरी हवं."

"आणि कोठारातली खुर्ची?"

"पुढं कधी लागेलही. आज नाही."

पट्टीवालीनं त्यांच्या हाताचा फोटो काढला. काकांनी तो आपल्या फोनवर मागून घेतला आणि घरी आल्या आल्या काकूपुढं धरला. त्यात पट्टी लावलेला हात, पुढं ज्योत आणि मागं निळी बाही होती.

"अहो, माणूस कुठाय यात?" काकूनं विचारलं.

"माणूस मागं आहे. तू बटण बघ."

काकूनं बटण बघितलं.

"कधी लावलीस गं ही?"

"मागच्या वर्षी. लग्नाला जायचं होतं, तुम्ही आरशापुढं कॉलरच्या बटणाशी झटत होतात. मी दारात होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठं बोललात!" काकू फणकारली. "हात कसला लपवता माझ्यापासून? एका माणसानं लपवला तेवढा पुरे नव्हता? वाट बघून बघून शेवटी म्हटलं, त्या मुलीची पट्टी तरी तुमचं तोंड उघडते का बघू."

काकांनी खिशातून उजवा हात काढला आणि तिच्या मशीनच्या फळीवर ठेवला, उघडा, रिकामा. तो थरथरू लागला. फळीवरची कात्रीही त्याच्याबरोबर बारीक वाजायला लागली. काकूनं कात्री उचलून बाजूला ठेवली, हाताला जागा करून दिली.

"बाबांच्या वेळी मला हे सुचलं नव्हतं," ती म्हणाली. "टिचबटणांचं. लहान होते मी."